हलव्याला काटा

सोमवार, १८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. ओंकार आणि अनुजा, मुलगा-सूनबाई, आपापल्या ऑफिसला गेले आणि गार्गी पुन्हा माझ्या ताब्यात आली. ताब्यात म्हणायचं, एवढंच. साडेचार वर्षांची ही पोर कुणाच्याच ताब्यात नसते.

बालमंदिरातल्या बाईंनी सुट्टीआधीच अनुजाला बोलावून सांगितलं होतं. प्रार्थनेची घंटा झाली की गार्गी बाकाखाली जाऊन कान दाबून बसते. रंगात हात घालत नाही, रांगेत कुणाचा धक्का लागला की किंचाळते. डॉक्टरांनी तपासलं. कान उत्तम, डोकं उत्तम. पण आवाज, उजेड, स्पर्श हे सगळं तिच्यापर्यंत आपल्यापेक्षा मोठं होऊन पोचतं म्हणे. ऑक्युपेशनल थेरपी लावा म्हणाले. सगळे त्याला ओटी म्हणतात. मला ओटी म्हटलं की खण-नारळच आठवतो. तर आता ही ओटी भरायला तिला भटारला घेऊन जायचं काम माझं, कारण घरात रिकामी मीच.

इथे सुरतेत, लिंबायतच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळण्यात माझा जन्म गेला. लूमवाल्यांची, मिलवाल्यांची पोरं माझ्या मांडीवर बसायला भांडायची. आणि सख्खी नात मी केसांवरून हात फिरवला की पाल पडल्यासारखी मान काढून घेते. कुणाला सांगत नाही, इथे लिहिते. मला फार वाईट वाटतं. देवाकडे मी आता बाकी काही मागत नाही. तिने एकदा, कुणी न सांगता, माझ्या मांडीवर येऊन बसावं.

संध्याकाळी ह्यांच्या नव्या बनियनांची लेबलं कापली. लग्न झाल्यापासून हे काम माझंच. शिवणीत दोऱ्याचं टोक राहिलं तरी बनियन परत येतं. हे बँकेतून निवृत्त झाले, मी अजून ह्यांच्या नोकरीतच आहे.


गुरुवार, २१ नोव्हेंबर

पहिला दिवस. भटारच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. छताला टांगलेला कापडी झोका, मोठाले चेंडू, गाद्या, राजम्याने भरलेला टब. मी आपली पाटी-पेन्सिल शोधत होते. इथे शिकवतात काय, हाच प्रश्न पडला.

थेरपिस्ट मुलगी योगिता. तिशीची असेल. नवागामची, धुळ्याकडच्या माणसांतली. मधेच आईचा फोन आला तर म्हणाली, "माय, माले उशीर व्हई. तू जेवी ले." माझ्या शाळेत सगळे असेच बोलायचे, ऐकून बरं वाटलं.

गार्गी दारातच बसली. योगिताने तिला आत ओढलं नाही, की "ये गं सोनू" केलं नाही. स्वतः लांब गादीवर जाऊन लोळली. बराच वेळ गेला. मी म्हटलं, "अहो, वेळ चाललाय." तर म्हणाली, "काकू, हेच काम चालू आहे." शेवटी गार्गीने राजम्यात एक बोट घातलं आणि फ्रॉकला पुसलं. योगिता एवढी खूश झाली, की मला हसू आलं.

निघताना तिने विचारलं, "घरात आणखी कुणाला असं आहे का? आवाज सहन न होणं, कपडे टोचणं, गर्दीत जीव घाबरणं?"

मी म्हटलं, "छे. आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत."


शनिवार, ३० नोव्हेंबर

योगिताने एक खेळ काढला आहे. गार्गीला पातळ गादीवर आडवी करायची, डोकं बाहेर ठेवून गादीसकट गुंडाळायची आणि वरून दोन्ही हातांनी दाबायचं. खेळाचं नाव खांडवी. आपली सुरळीची वडी. माझा जीव वर-खाली होत होता, पोर गुदमरेल. गार्गी मात्र डोळे मिटून पडली होती. घरी एक मिनिट एका जागी न टिकणारी मुलगी. सोडलं तर म्हणाली, "फरी." म्हणजे पुन्हा. बालमंदिरात गुजराती, घरात मराठी, रागावली की हिंदी.

घरी आल्यावर मी जवळ घ्यायला गेले, तर पळाली. परक्या मुलीकडून गुंडाळून घेते आणि आजीचा हात चालत नाही. ठीक आहे.


बुधवार, ४ डिसेंबर

केस विंचरताना रडली, नखं कापताना रडली, नवा मोजा घालताना रडली. रिक्षेत हॉर्नने रडली. रिक्षावाला म्हणाला, "माशी, छोकरीने शुं थयुं?" मी म्हटलं, काही नाही, तिला सुरतचा कंटाळा आलाय. मलाही आलाय.


रविवार, ८ डिसेंबर

बारडोलीला मावसबहिणीच्या मुलाचं लग्न होतं. हे आले नाहीत. बँड असतो, गर्दी असते, जेवायला रांगेत उभं राहावं लागतं, ही कारणं मला पाठ आहेत. मी एकटी बसने गेले आणि जो भेटला त्याने विचारलं, "दिलीपराव नाही आले?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय. ह्यांचा गुडघा सगळ्या लग्नांत दुखतो.

परत आले तर हे जेवून बसले होते. भात वेगळ्या ताटलीत, वरण वेगळ्या वाटीत, भाजी तिसरीकडे, एकाला दुसरं लागलेलं चालत नाही. विचारलंसुद्धा नाही, लग्न कसं झालं. मी कुकर लावला तर पहिल्या शिट्टीच्या आधीच गच्चीवर गेले.

आज दमले आहे म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही वाईला घाटावर बसलो होतो. मी ह्यांच्या दंडावर हात ठेवला, जरा बोटं फिरवली. ह्यांनी हात झटकला. रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत, नुसता झटकला. मी पुन्हा कधी आपण होऊन ठेवला नाही. ओंकार झाला, संसार झाला, बँकेत ह्यांनी काउंटर नको म्हणून बढती सोडली आणि मागच्या रेकॉर्डच्या खोलीत जन्म काढला, तेही मी पचवलं. पण मी ह्यांना आवडले नाही, हे मला त्या दिवशी घाटावर कळलं. आता नातीलाही आवडत नाही. माझ्या हातातच काही असेल.


शुक्रवार, २० डिसेंबर

योगिता आज बोलत बसली. पुढचं मूल आलं नव्हतं. तिचेही डोळे ओढलेले दिसत होते. सकाळपासून सात-आठ मुलं उचलायची, ढकलायची, त्यांचे लाथाबुक्के खायचे, आणि आईबाप विचारणार, कधी बरा होईल? म्हणाली, "काकू, शर्टाचं लेबल आपल्यालाही टोचतं. पण थोड्या वेळाने आपण विसरतो. गार्गीला विसरता येत नाही. दिवसभर टोचतच राहतं. मग ती चिडकी आहे, हट्टी आहे, माणूसघाणी आहे, असं लोक म्हणतात."

मी म्हटलं, "बिचारी."

येताना मनात आलं, संक्रांत जवळ आली. गार्गीचं बोरन्हाण अजून झालेलं नाही. पहिल्या वर्षी ती आजारी, मग एकदा मी वाईला, मग दोन वेळा तिने काळं झबलं घालू दिलं नाही. पाच पुरी झाली की करता येत नाही. यंदाचं शेवटचं. बोरन्हाणाला मूल आजीच्या मांडीवर बसतं. कुणी सांगायला नको, रीतच तशी आहे.

ठरलं. हलव्याचे दागिनेही घरीच करायचे.


शुक्रवार, ३ जानेवारी

हलवा घालायला घेतला. पहाटे उठून, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, मंद आचेवर परात. खसखस, तीळ, साबुदाणा. चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. थंडी असेल तरच काटा येतो. सुरतेत थंडी म्हणजे पंखा दोनवर. इथे आल्यापासून माझ्या हलव्याला कधी धड काटा आलेला नाही. गुळगुळीत गोळ्या होतात आणि वाईहून आलेली नणंद बघून हसते.

बोटांची टोकं भाजली. ओंकार म्हणाला, "आई, विकत आण ना." एवढं बोलून पुन्हा कानात ते यंत्र खुपसलं. घरात असला की दिवसभर कान बंद. आईशी बोलायला कुणाला वेळ आहे?


सोमवार, ६ जानेवारी

काटा आला! दोन दिवस उत्तरेचं वारं आहे. आज पहाटे परातीत बघते तर पांढराशुभ्र, टोकदार, बोटाला रुतणारा. मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हसत होते. ह्यांना उठवून दाखवला. ह्यांनी एक दाणा बोटावर घेतला आणि लगेच परातीत टाकला. म्हणाले, "टोचतो."

म्हटलं, टोचायलाच हवा. त्यासाठीच तर मरमर केली.


शुक्रवार, १० जानेवारी

हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, बिंदी. सगळं ओवून झालं. काळ्या मखमलीच्या तुकड्यावर मांडलं तेव्हा अनुजाही थांबून बघत राहिली. म्हणाली, "आई, सुंदर झालंय. पण गार्गी घालेल?"

मी योगिताला दागिने दाखवायला नेले होते. तिने हातात घेतले, अंगठा फिरवला. मग म्हणाली, "काकू, खरं सांगू का? यंदा नको. करायचंच असेल तर तुम्ही घरचेच चौघं. दागिने नकोत आणि डोक्यावरून काही ओतू नका. वाटी तिच्या हातात द्या, तिलाच ओतू दे तुमच्यावर."

म्हणजे बोरन्हाण माझं करायचं! मी दागिने पिशवीत भरले. ती लहान आहे, लग्न झालेलं नाही, तिला घरातली हौस काय कळणार.

घरी अनुजाला सांगितलं, "योगिता म्हणाली, घरच्या घरी करा." हे खोटं नाही. पूर्णही नाही.


मंगळवार, १४ जानेवारी

उत्तरायण. गच्च्यागच्च्यांवर स्पीकर, पिपाण्या, ओरडा. खालच्या मजल्यावरून उंधियू आणि जिलबी आली. हे दरवर्षीप्रमाणे कानात कापूस घालून आतल्या खोलीत, अंगावर ती वाकळ. सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली, उचलायला दोन माणसं लागतात. मे महिन्यातसुद्धा ह्यांना तीच लागते. गार्गी ह्यांच्या पलंगाखाली. दिवसभरात दोघं एक शब्द बोलले नाहीत आणि दोघांनाही काही कमी पडलं नाही.

मी गच्चीवर एकटी बसून जिलबी खाल्ली.


रविवार, १९ जानेवारी

डाव्या मनगटाला पट्टी आहे. उजव्या हाताने लिहिते आहे.

घरच्या घरी म्हणता म्हणता मी बिल्डिंगमधल्या सहा-सात जणींना बोलावलं होतं. त्यांची मुलं आली. कुणाच्या हातात अजून उत्तरायणच्या पिपाण्या होत्या. अनुजाने माझ्याकडे बघितलं, पण बायका आल्यावर काय बोलणार?

गार्गीला काळा फ्रॉक घातला. त्याची लेबलं मी काल कापली होती, एवढं माझ्या लक्षात होतं. दागिने घालताना ती ताठ झाली. मी पाटावर बसले आणि तिला मांडीवर घेतलं. आणि ती बसली! हलली नाही, रडली नाही. औक्षण झालं, बायकांनी गाणं म्हटलं, मग चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या, सगळं तिच्या डोक्यावरून ओतलं. पोरं लुटायला अंगावर तुटून पडली. ती तशीच. बायका म्हणत होत्या, "केवी डाही छे!" किती शहाणी म्हणे. माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं, असं वाटलं. मी तिच्या गालावरून हात फिरवला.

तेव्हा ती चावली. दात रुतेपर्यंत. मग हार ओरबाडला, बाजूबंद तोडले, बिंदी केसांसकट ओढली. किंचाळली ती इतकी, की पोरांच्या पिपाण्या बंद झाल्या. आणि पळाली.

आतल्या खोलीत सापडली. हे बायकांचा गलका सुरू झाल्यापासून तिथेच होते, वाकळ घेऊन. ती वाकळीत शिरली होती. ह्यांनी आपला हात वरून तिच्यावर टाकला होता, ओंडका टाकावा तसा. थोपटत नव्हते, काही नाही. मी दारात उभी राहून ह्यांना वाट्टेल ते बोलले. घरात एवढी माणसं, नातीचं बोरन्हाण, आणि तुम्ही पांघरूण घेऊन पडलात! तुम्हाला कुणाचं काही आहे का?

ह्यांनी फक्त बोट ओठांवर ठेवलं.

हॉलभर हलवा सांडला होता. अनवाणी चालवत नव्हतं.


सोमवार, २० जानेवारी

गार्गी हॉलमध्ये येत नाही. जेवलीही नाही, नुसतं दूध.


बुधवार, २२ जानेवारी

आज अनुजा बोलली. आवाज न चढवता बोलली, तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"आई, योगिताने मला सगळं सांगितलं. ती नको म्हणाली होती, तुम्ही मला वेगळं सांगितलंत."

मी म्हटलं, "चुकलं माझं. पण मी काय वाईटासाठी केलं?"

"नाही. पण मी फेब्रुवारीपासून रजा घेते. गार्गीला काही दिवस मीच बघीन."

ओंकार खाली मान घालून बसला होता. हे गॅलरीत होते. मी म्हटलं, बरं. आणि कणीक मळायला गेले. दिवसभर जिचा वैताग येतो ती उद्या घरात माझ्याकडे नसेल, तर मी करू काय? सकाळी उठू कशासाठी?


शुक्रवार, २४ जानेवारी

केंद्रात नेलं. गार्गी पुन्हा दारात बसली, अगदी पहिल्या दिवसासारखी. दोन महिन्यांचं काम मी एका दुपारी पाण्यात घातलं. योगिता रागावेल म्हणून मी तयार होते. ती रागावली नाही, भिंतीला टेकून बसली. बहुतेक रागवायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

मी म्हटलं, "पण ती मांडीवर शांत बसली होती गं. सगळ्यांनी बघितलं."

"शांत नव्हती, काकू. गोठली होती. फार झालं की काही मुलं तशी होतात."

मी ते ऐकून घेतलं. मग विचारलं, जे मला पहिल्या दिवसापासून विचारायचं होतं. "माझा हात तिला का चालत नाही?"

"तुमचा हात नाही चालत असं नाही. हलका हात चालत नाही. मायेने बोटं फिरवली की आपल्याला बरं वाटतं, तिला तेच सहन होत नाही. दाबून धरा, तिला सांगून धरा, आणि हात हलवू नका. मग तिला बरं वाटतं." मग म्हणाली, "दाखवू?"

ती माझ्या मागे आली आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवून खाली दाबत राहिली. घट्ट. किती वेळ कोण जाणे. मला रडू फुटलं आणि थांबेचना. योगिताने हात काढले नाहीत. गार्गी दारातून बघत होती.

रिक्षेत बसल्यावर मी एकदम आठवायला लागले, कुणी मला शेवटचं असं धरलं होतं ते. आठवलं नाही.


सोमवार, २७ जानेवारी

ह्यांच्या दोन बनियनांची लेबलं राहिली होती. कात्री घेऊन बसले. एक कापलं, आणि दुसरं हातात घेऊन नुसती बसून राहिले.

मग आत गेले. गार्गी पलंगावर पालथी होती आणि हे तिच्या पाठीवर लोड ठेवून त्यावर कोपर टेकवून पेपर वाचत होते. खोली शांत. पंखाही बंद.

मी दारातूनच विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं, असं दाबायचं?"

"कोण सांगणार?"

"मग?"

"तिला बरं वाटतं." पेपर उलटला. "मलाही वाटतं."

मी पलंगाच्या कडेला बसले. म्हटलं, "वाईला घाटावर तुम्ही माझा हात झटकला होतात."

मला वाटलं, ह्यांना आठवणार नाही. ह्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "तू बोटं फिरवत होतीस. मला सहन होईना."

"मग सांगायचं होतं."

"काय सांगणार? नवी बायको, आणि तिचा हात सहन होत नाही म्हणून सांगू? मला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं. बँडने डोकं फुटतं, कपडे टोचतात, सगळ्यांनाच. बाकीचे निभावून नेतात. आपल्यातच धमक नाही."

गार्गी लोडाखालून म्हणाली, "आबा, बोलू नका."

हे गप्प झाले. मला खूप बोलायचं होतं, भांडायचंही होतं. एवढी वर्षं! एका वाक्याचं काम होतं, सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, नुसता हात घट्ट ठेवला असता. पण पोरीने गप्प बसायला सांगितलं होतं. उठले आणि वरण लावलं. कुकर काढला नाही, पातेल्यात शिजवलं. उशीर लागला. हे गच्चीवर गेले नाहीत.


शुक्रवार, ३१ जानेवारी

योगिताला सांगितलं, घरात आणखी एक जण आहे म्हणून. ती म्हणाली, "आबा?" मी म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, "एकदा ते गार्गीला न्यायला आले होते ना. खोलीत बाकीची मुलं ओरडत होती, तेव्हा दोघांनी एकदमच कान दाबले."

अनुजाशीही बोलणं झालं. ती रजा घेणारच आहे, पण अर्ध्या दिवसाची. म्हणाली, "सकाळ तुमची, आई. पण काही करायचं असेल तर आधी मला सांगायचं." सूनबाई मला अटी घालते आणि मी हो म्हणते. पूर्वी म्हटलं नसतं.


मंगळवार, ४ फेब्रुवारी

रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. बिल्डिंगमधल्या जणींनी विचारलं, मी म्हटलं, यंदा माझ्याकडे नाही. खरं कारण सांगितलं नाही. माझा गुडघा दुखतोय म्हटलं.

उरलेला हलवा डब्यात होता. सकाळी बघते तर गार्गी डबा उघडून बसली होती. एक दाणा वाटीतल्या पाण्यात टाकायची, काटे विरघळले की बोटाने चाचपून बघायची, गुळगुळीत झाला की तोंडात. मी पहाटे उठून आणलेला काटा तिने पाण्यात घालवला. मी तिला आणखी पाणी दिलं.

दुपारी वाकळ उन्हात घालायला काढली. जमिनीवर पसरली तर गार्गी येऊन तिच्यावर आडवी झाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज्जी, खांडवी."

मी विचारलं, "दाबू?" सांगून धरायचं, हे पाठ केलं आहे. ती म्हणाली, "जोरात." मी गुंडाळलं, तळवे टेकवले आणि दाबलं. बोटं मधेच आपोआप फिरायला लागायची, जन्माची सवय, ती थांबवत होते. माझ्या हाताखाली तिचा श्वास सावकाश झाला. मला भीती वाटत होती, की मी काहीतरी चुकीचं करीन.

बाहेर आली आणि म्हणाली, "आता आबांची."

हे म्हणाले, "हट्. काहीतरीच." मी म्हटलं, नातीचा हुकूम आहे. बरेच आढेवेढे घेऊन शेवटी चष्मा काढून आडवे झाले. एवढा मोठा माणूस त्या वाकळीत काय गुंडाळला जाणार, निम्मे पाय बाहेर. मी त्यांच्या डोक्याशी मांडी घालून बसले. विचारलं, "ठेवू का हात?" ह्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. मी दोन्ही तळवे त्यांच्या खांद्यांवर ठेवले आणि माझं सगळं वजन टाकलं.

"लागतंय का?"

"नाही. अजून जरा जोरात."

ते ऐकून मला हसायला येत होतं आणि रडायलाही. ह्यांचे खांदे हळूहळू खाली आले. इतकी वर्षं ते तसे वर ओढलेलेच होते, हे मला आत्ता कळलं.

गार्गीलाही दाबायचं होतं. पण ह्यांच्या डोक्याकडची जागा मी अडवली होती. तिने इकडून बघितलं, तिकडून बघितलं, मग माझ्या हातांच्या खालून शिरली, माझ्या मांडीवर बसली, पाठ माझ्या पोटाला घट्ट टेकवली आणि तिथून आबांचं डोकं दाबायला लागली.

माझे दोन्ही हात ह्यांच्या खांद्यांवर होते. तिच्या केसांवरून फिरवायला एकही मोकळा नव्हता. तसंच बसून राहिले. उन्हात घालायची वाकळ राहिली ती राहिलीच.